सतरा इंची चाक

चाक आधी दिसलं, माणूस मागाहून. सकाळचे अकरा वाजले होते, कपिल दुकानाच्या दारात उभा राहून बशीत चहा ओतून पीत होता, आणि पोवई नाक्याकडून उतरत आलेल्या टेम्पोच्या हौद्यात, गोणपाटाच्या कडेला, एक चाक वर आलेलं त्याला दिसलं. वीस-पंचवीस हातांवरून दिसलं तरी तेवढं पुरे झालं. माणूस आपलं अक्षर ओळखतो तसं त्यानं ते ओळखलं. छत्तीस तारा, प्रत्येक तार दुसऱ्या तिघींना ओलांडून गेलेली, आणि हवा भरायच्या नळीपाशी दोन तारा एकमेकींपासून लांब सोडलेल्या, पंपाचं तोंड सुखानं बसावं म्हणून. अशी काळजी साताऱ्यात दुसरं कुणी घेत नव्हतं. रिम मात्र एका अंगाला दुमडली होती, गरम पोळी तव्याच्या कडेवर पडून वाकावी तशी. चहा बशीतच राहिला. टेम्पो पुढं जावा, कोरेगावच्या दिशेला वळावा, दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जावा, असं त्यानं मनापासून मागितलं. पण मागितलेलं मिळायला तो काही लहान नव्हता. टेम्पो त्याच्याच दारात थांबला.

दोन वर्षं तो या चाकाची वाट बघत होता आणि दोन वर्षं ते येऊ नये म्हणून जपत होता. मधल्या काळात त्याला एक खोड लागली होती. चाक विणून दिलं, त्याचा आउट, म्हणजे फिरतानाची डुगडुग, काढून दिला, की तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, ‘शंभर किलोमीटरनं परत आना. तारा बसत्यात, मग एकदा वडाय लागत्यात.’ पूर्वीही म्हणायचा, पण एकदाच. आता दारातून निघताना म्हणायचा, गाडीला किक मारताना म्हणायचा, रस्त्यात कुणी भेटलं तर नमस्काराच्या आधी तेच विचारायचा. दूधवाल्याच्या सायकलीलासुद्धा त्यानं शंभर किलोमीटर सांगितले, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, “आवं, त्येची म्हस तरी शंभर किलोमीटर चालली असंल का जन्मात?” सगळे हसले. नाक्यावर त्याचं नाव ‘शंभर’ पडलं. कपिलही हसायचा. हसणं सोपं होतं. हे वाक्य तो ज्यांना सांगत होता त्यांतला एकही जण ऐकणार नव्हता आणि ज्याला सांगायचं होतं तो ऐकायला उरला नव्हता, एवढंच काय ते त्याला ठाऊक होतं.

टेम्पोच्या केबिनमधून मनुबाई उतरल्या. ही गाडी ज्याची, त्या शिवतेजची आई. दोन वर्षांत बाई निम्मी झाली होती. नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला, हातात पिशवी. त्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की क्षणभर त्यालाच वाटलं, आपण ओळख देऊ नये.

“कपिलच न्हवं तू?”

“व्हय, मावशी.”

“गाडी आनलीया. लोणंदचा एकजण घेतो म्हनतोय. पन पयल्यासारखी करून पायजे त्येला, मोठ्या चाकांची. हायती न्हवं ती चाकं तुझ्याकडं?”

होती. दुकानाच्या माळ्यावर, पोत्यात गुंडाळून, दोन वर्षं. फेकायचा हात झाला नव्हता आणि परत न्यायचे पाय झाले नव्हते. त्यानं मान हलवली, टेम्पोवाल्याच्या मदतीनं गाडी उतरवली, मनुबाईंना स्टूल दिलं आणि उगाचच पान्ह्यांचा डबा उघडून त्यात काहीतरी शोधू लागला.

ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हा ती बोकडासारखी उंच होती. पुण्यातल्या परदेशी कंपनीतला कुणी साहेब मायदेशी जाताना विकून गेलेला. शिवतेज पंधरा वर्षं फौजेत काढून, सिग्नलमध्ये डाक घेऊन मोटरसायकल पळवून, पेन्शन घेऊन घरी आला तो ही गाडी घेऊनच. सव्वादोनशे सीसीची, हलकी, रानातही चालावी आणि रस्त्यावरही, अशा बेताची. पुढचं चाक एकवीस इंची, टायरला मुठीएवढ्या गुठळ्या. डांबरावर ती गुणगुणायची, वळणावर अंग चोरायची. शहरातल्या चार गॅरेजवाल्यांनी ‘फॉरेनच्या गाडीला हात लावत न्हाई’ म्हणून हात झटकले आणि पाचवा कपिल निघाला. शिवतेजनं खिशातून घडी घातलेलं एक पान काढलं, कुठल्याशा परदेशी मासिकातलं. त्यात हीच गाडी होती पण ही नव्हती. रानातली पायतणं काढून तिनं गावातले बूट घातले होते. दोन्ही चाकं सतरा इंची, टायर रुंद आणि गुळगुळीत, पुढं ताटाएवढी ब्रेकची डिस्क. “ह्येला सुपरमोटो म्हंत्यात गड्या,” शिवतेज म्हणाला होता, “तिकडं कंपन्याच आशा कराय लागल्यात. अंग तेच, पाय बदलायचं. वळनावर बघ कशी बसती ती.” कपिलनं ते पान उन्हात धरलं आणि तारा मोजल्या. गाडीचा रंग, पोरींची गर्दी, मागचा दिव्यांचा रस्ता, यातलं त्याला काही दिसलंच नाही. “हुईल,” तो म्हणाला. त्या एका शब्दावर मैत्री झाली.

दोन महिने शिवतेज दर आठवड्याला आष्ट्याहून यायचा. रिमा पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणल्या, टायर कुणाच्या तरी ओळखीनं मुंबईहून आले. तारा तयार मिळेनात, म्हणून कपिलनं जाड तारा मापानं कापून प्रत्येकीला हातानं आटे पाडले. पुढच्या छत्तीस, मागच्या छत्तीस. शिवतेज पाटावर बसून बघायचा आणि फौजेतल्या गोष्टी सांगायचा. कपिल चाक फिरवून नखानं एकेक तार वाजवायचा. हे वाजवणं त्याच्या वडिलांचं. धोंडीबा लोणंदला रेल्वेत चावीवाला होता. रोज पहाटे हातोडी घेऊन रुळावरून चालत जायचा, ठोकायचा आणि ऐकायचा. सैल पडलेली चावी, म्हणजे रूळ धरणारी पाचर, बद्द बोलते, बसलेली खणखणीत बोलते. ‘मानूस खोटं बोलतो, लोखंड न्हाई,’ हे त्याचं म्हणणं होतं, आणि छप्पन साली नागपूरला जाऊन आल्यापासून दुसरं एक म्हणणं होतं, की एकदा टाकलं ते टाकलं. कुंकू, अंगारा, नवस, सगळं. गाडीचं काम चाललं होतं त्याच वर्षी, श्रावणाच्या अखेरीस, धोंडीबा गेला. शिवतेज दहा दिवस दुकानात येऊन नुसता बसला होता. चहा सांगायचा आणि बसायचा. सख्ख्या भावानं बसावं तसा बसायचा.

“तू कामाला लाग,” मनुबाई स्टुलावरून म्हणाल्या. “मी हाय हितंच.” कपिल पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. नट गंजले होते. त्यानं रॉकेल टाकलं, थांबला. थांबणं बरं वाटत होतं. नट सुटला की चाक हातात येणार, चाक हातात आलं की तारा वाजवाव्या लागणार, आणि तारा वाजवल्या की कळणार. मग ‘रस्त्यात ट्रॅक्टर आडवा आला’, ‘मिल्ट्रीचा गडी, लय पळवायचा’, लोकांनी बोललेलं यातलं काहीच आडोशाला उरणार नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिवतेज गाडी घेऊन आष्ट्याला गेला. “उद्या पूजा हाय. तू याचंच,” म्हणाला. आष्टा शंभराच्या आसपास पडतं. तिथवर जाईतो तारा बसणार, हा कपिलचा हिशेब. म्हणून त्यानं त्याला नेहमीचं वाक्य सांगितलंच नाही. सांगायचं कशाला, आपणच जाऊन ओढू. तारा ओढायची चावी त्यानं खिशात टाकली आणि पहाटेची एस्टी धरली. दसरा म्हणजे त्याच्या वस्तीतही मोठा दिवस. बापानं धर्म घेतला तो दिवस. सगळी माणसं पांढरी कापडं घालून विहारात निघालेली, बायको दीक्षा दारात उभी. “बाबा गेल्यावरचा पयला दसरा हाय,” ती म्हणाली, “आन तुमी चाकाला चाललाय.” त्यानं पांढरा शर्ट घातला होता; तेवढ्यानं विहाराचं आणि आष्ट्याचं दोन्हीकडचं देणं भागेल असं त्याला वाटलं. मध्ये लोंबकळणाऱ्या माणसाला असंच काहीबाही वाटत असतं.

आष्ट्यात अंगण सारवलेलं होतं. ट्रॅक्टर, बैलगाडी, फौजेतली जुनी संगीन, आणि या सगळ्यांच्या मधोमध ती गाडी, झेंडूची माळ घालून. ती आता बुटकी दिसत होती आणि देखणी दिसत होती. उंची कमी झाल्यावर स्टँड लांब पडायला लागला म्हणून कपिलनं तो दोन बोटं कापला होता. त्यामुळं गाडी डावीकडं ऐटीत कलून उभी राहिली होती. शिवतेजनं दंडाला धरून त्याला पुढं ओढलं. “ह्यो बघा कारागीर,” तो सगळ्यांना सांगत सुटला. मनुबाईंनी दिव्याला कुंकू लावलं, टाकीला लावलं, पुढच्या चाकाला लावलं. लिंबू ठेवलं, नारळ फुटला. आणि मग त्या वळल्या. “ज्येनं घडवली त्येला आधी,” असं म्हणून कुंकवाचं बोट त्यांनी कपिलच्या कपाळाकडं नेलं. केवढ्या मायेनं नेलं होतं! आता दोन वर्षांनी ते त्याला स्वच्छ दिसत होतं. पण त्या घटकेला त्याला फक्त धोंडीबा दिसला, हातोडी खांद्यावर टाकून रुळावरून जाणारा, आणि कपिलचा हात आपोआप वर गेला. त्यानं मनुबाईंचं मनगट मागं सारलं. हळू सारलं होतं, पण भर अंगणात सारलं होतं.

मग शिवतेजचे चुलते नानासो समजूतदारपणानं म्हणाले, “ऱ्हाऊ द्या वैनी. त्यांच्यात चालत न्हाई.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, असलंच तर प्रसंग निभावून न्यायची घाई होती. पण तो ‘त्यांच्यात’ कपिलच्या अंगात काट्यासारखा मोडला. दोन महिने तो शिवतेजचा गडी होता, कारागीर होता, भाऊ होता. एका शब्दात तो ‘त्यांच्यात’ला झाला. मनुबाई आत गेल्या. पानं मांडली गेली. कपिल जेवला नाही. “एस्टी हाय,” म्हणाला आणि पांढऱ्या शर्टानं भर उन्हात स्टँडकडं चालत सुटला. शिवतेज अनवाणी मागं पळत आला. तो काही समजावत बसला नाही, माफीही मागितली नाही. तसलं त्याला जमायचंच नाही. बस सुटायला लागली तेव्हा खिडकीला हात लावून तेवढं म्हणाला, “गड्या, चाकाचं काय बगायचं ऱ्हायलंय का?”

चावी खिशात मांडीला टोचत होती. आणि कपिल म्हणाला, “काय न्हाई. चांगलं हाय चाक.”

आजवरच्या आयुष्यात चाकाबद्दल तो तेवढं एकदाच खोटं बोलला. रागात माणूस दुसऱ्याचं ताट ढकलतो, आपलं घड्याळ आपटतो. त्यानं आपलं काम अर्धं टाकलं. उद्या राग उतरेल, मग कार्ड टाकू, गाडी घेऊन ये म्हणून, असं पहिल्या दिवशी वाटलं. चौथ्या दिवशी वाटलं, त्यानंच यावं. दहाव्या दिवशी वाटलं, आला नाही ना, मग बघू. एकोणिसाव्या दिवशी, दिवाळीच्या तोंडावर, इस्लामपूरच्या रस्त्याला वळणावर ट्रॅक्टर आडवा आला, शिवतेजनं ब्रेक दाबला, आणि निरोप साताऱ्यात दुपारी पोहोचला. कपिल आष्ट्याला गेला, स्मशानाच्या कडेला बाभळीखाली उभा राहिला आणि कुणाला न भेटता परत आला. पोलिसांनी गाडी सोडली, घरच्यांनी ती शेडात झाकून ठेवली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते चाक फिरत होतं. मीच मारला का? सांग ना. पण लोखंड आष्ट्यात होतं आणि ऐकणारा साताऱ्यात.

नट सुटला. चाक हातात आलं. त्यानं ते दाराच्या उजेडात भिंतीला टेकवलं आणि नखानं तार वाजवली. डावीकडची. खणखणीत वाजली. पुढची डावी, तीही. त्याला वाटलं, कान फसवतायत. दोन वर्षांत तारा अशा राहणार नाहीत, त्यात त्यानं न ओढलेल्या. मग त्यानं उजवीकडची वाजवली. बद्द. दुसरी, बद्द. तिसरी तुटलेली, चौथी तुटलेली. कपिलनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. डावीकडच्या तारांच्या बुडाशी जी बारकी पितळी टोपी असते, जिला तो निपल म्हणायचा, तिच्या कडा चेचलेल्या होत्या. पकडीनं. त्यानं जन्मात कधी तिथं पकड लावली नव्हती. कुणीतरी बसून आवळल्या होत्या, एकेक करून, कष्टानं, मन लावून, आणि एकाच बाजूच्या. गाडी डावीकडं कलून उभी राहायची. पाट टाकून बसणाऱ्याच्या हाताशी डावी बाजूच यायची. एका बाजूनं ओढलं की रिम तिकडं सरकते, दुसऱ्या बाजूच्या तारा सैल पडतात, आणि जोरात ब्रेक बसला की मोडतात. हे न शिकवता कुणाला कळणार? चार-चार तास पाटावर बसून बघणाऱ्यालाही कळलं नव्हतं. बघायला तो यायचाच कुठं. तो सोबतीला यायचा.

सुटलो, असं पहिल्यांदा वाटलं. लाज वाटावी इतक्या लख्खपणे वाटलं. मी नाही, त्यानंच आपल्या हातानं केलं. छाती हलकी झाली, आणि त्या हलकेपणाचीच त्याला इतकी किळस आली की त्यानं चाक सोडून दिलं. ते भिंतीवरून घसरत खाली बसलं.

“काय दिसलं?” मनुबाईंनी विचारलं.

“कशाचं, मावशी?”

“मला चाकातलं कळत न्हाई. तुझं त्वांड कळतंय.” त्या स्टुलावरून उठल्या आणि त्याच्या शेजारी खालीच बसल्या, पायरीवर. “लोणंदचं गिऱ्हाईक न्हाई कुनी. मी खोटं बोलले. मला इचारायचं हुतं तुला. दोन वर्सं धीर हुईना.”

कपिलनं खाली पडलेला नट उचलून घेतला.

“चाक कुरकुरत हुतं, आट दिवस. शिवा म्हनला, कपिलला दावाय पायजे. मी म्हनलं, जा की मग. म्हनला, आये, त्येचा बा जाऊन दोन म्हैनं झालं न्हाईत, आन आपन त्येला उपाशी लावला दारातनं. कुठल्या तोंडानं जाऊ? मला म्हाईत नव्हतं रं तुझा बा गेल्याला. तवा कळलं. पन राग न्हाई गेला माजा. पाच मानसांत माजा हात मागं सारलावतास तू. मीच म्हनलं, मग नगो जाऊस त्येच्या दारात. घरात पकड हाय, घरीच आवळ. मीच काढून दिली पकड.” त्यांनी पदर तोंडाशी नेला, पण डोळे कोरडेच होते. “त्येनं झालं का, तेवडं सांग.”

आता एक शब्द पुरे होता. हो म्हटलं की तो मोकळा, आणि ही म्हातारी मरेपर्यंत त्या पकडीखाली. कपिलनं गंजलेला नट तळहातावर फिरवला आणि म्हणाला, “न्हाई मावशी. चाकानं न्हाई झालं. चाक चांगलं हाय.”

“शिवा म्हनायचा, कपिल एकवेळ बापाशी खोटं बोलंल, चाकाबद्दल न्हाई बोलायचा.” त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. “म्हनून तुज्याकडं आले. दुसऱ्या कुनाकडं न्हाई गेले.”

त्यानं चाक ओढून घेतलं. मनुबाईंचं बोट धरलं. त्यांनी ते मागं घेतलं नाही. त्यानं ते आधी डावीकडच्या तारेवर टेकवलं, मग उजवीकडच्या. घट्ट, ढिली. घट्ट, ढिली. बाईचं बोट विळ्यानं चिरून चिरून राठ झालेलं, तरी त्या बोटाला फरक कळला असावा, कारण ते ढिल्या तारेवरून हललं नाही.

“दोन्ही बाजूनी वडायच्या असत्यात,” कपिल म्हणाला. “शिवानं एकच बाजू वडली. त्येनंच झालं.”

मनुबाईंनी मान हलवली.

“पन त्येनं वडायच्याच नव्हत्या. मी वडायच्या हुत्या. त्याच दिशी, तुमच्या अंगनात. चावी आनलीवती मी खिशात. एस्टीपाशी इचारलं त्येनं मला, काय बगायचं ऱ्हायलंय का म्हनून. मी म्हनलं, न्हाई. चांगलं हाय म्हनलं.”

“का?”

“रागात हुतो.”

रस्त्यावरून दोन एस्ट्या गेल्या. पंक्चरवाल्यानं कुणाला तरी हाक मारली, कुणी हसलं. मनुबाईंचं बोट अजून त्या ढिल्या तारेवरच होतं.

“मी बी रागात हुते,” त्या म्हणाल्या. “आपल्या तिघांत राग नव्हता तो एकट्या शिवाला.”

तेव्हा कपिलला रडू आलं, दुपारच्या उन्हात, भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत. मनुबाई शेजारीच बसून राहिल्या. त्यांनी त्याला गप्प केलं नाही.